आवळलेली मूठ आणि दोनशे वर्षांचा शोध

 

आज एका मुठीची गोष्ट सांगायची आहे. अंगावरून वारं गेलं, लकवा मारला, अर्धांग झालं, असं आपण ज्याला म्हणतो, त्याला डॉक्टर पक्षाघात किंवा स्ट्रोक म्हणतात. मेंदूला रक्त नेणारी नळी तुंबते किंवा फुटते, आणि शरीराची एक बाजू लुळी पडते. पहिले काही दिवस हात मेल्यासारखा लोंबतो. मग काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कित्येकांच्या बाबतीत उलटंच घडतं. कोपर वाकून छातीशी येतं, मनगट खाली वळतं, बोटं आत जातात आणि मूठ घट्ट आवळते. पाय काठीसारखा ताठ होतो, टाच टेकत नाही. या ताठरपणाला डॉक्टरांच्या भाषेत स्पॅस्टिसिटी म्हणतात.

ही मूठ रोज कोण उघडतं? घरातली बाई उघडते. सासूची असो, नवऱ्याची असो, आईची असो. तळहाताला घाम सुटून वास येतो, नखं आत रुततात, झंपर घालताना हात बाहीत जात नाही. हे सगळं तिच्याच वाट्याला. आणि याच घरात कुणीतरी येऊन सांगतं, अमक्या गावात औषध मिळतं, कबुतराच्या रक्तानं चोळा, एकवीस दिवसांत हात मोकळा. मग गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज येतो. आम्ही समन्वयक म्हणून असे अर्ज हातात घेतो, म्हणून वाटलं की या आजारावर जगात कुणी काय शोधलं, काय पदरात पडलं आणि काय पडलं नाही, हे एकदा नीट मांडावं. आम्ही डॉक्टर नाही. पण इतिहास समजून घ्यायला डॉक्टर असावं लागत नाही.

ताठरपणा येतो कुठून

पहिला प्रश्न हाच. मेंदूनं सोडलेला हात सैल पडायला हवा, तो ताठ का होतो?

याचं उत्तर शोधणाऱ्यांत इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन यांचं नाव मोठं. १८९८ मध्ये त्यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगात दाखवलं, की मेंदूचा वरचा भाग खालच्या भागापासून तोडला की जनावराचे पाय लुळे न पडता ताठ होतात. पुढे १९२४ मध्ये लिडेल यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. स्नायू ताणला की तो आपोआप आखडतो. ही सवय मेंदूची नाही, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची आहे. शेरिंग्टन यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या भाषेत सांगायचं तर मेंदू हा गाडीवान आहे. बैल पुढे ओढतच असतात, गाडीवान कासरा धरून त्यांना आवरतो. स्ट्रोकमध्ये कासराच तुटतो. बैल थांबत नाहीत, उलट उधळतात. म्हणजे आवळलेल्या मुठीत ताकद आलेली नसते, फक्त आवर गेलेला असतो. "मूठ किती घट्ट आहे बघा, शक्ती परत आली," असं कुणी म्हणालं, तर ते खरं धरू नका.

पुढे १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाचे मेंदूतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी या ताठरपणाची व्याख्या केली. तिचं सार असं, की स्नायू जितक्या वेगानं ताणाल, तितका तो जोरात विरोध करतो. मैत्रिणींनो, ही व्याख्या पुस्तकातली असली तरी आपल्या रोजच्या कामाची आहे. मूठ झटक्यानं उघडायला गेलं की ती जास्त आवळते. सावकाश, आधार देत, थांबत थांबत उघडली की सैल होते. जी बाई वर्षभर हे काम करते तिला हे हातानं कळलेलं असतं. लान्स यांनी ते शब्दांत बांधलं.

हातांनी शोधलेला उपाय

औषधांच्या आधी एका बाईची गोष्ट. बर्टा बोबाथ या मूळच्या जर्मनीच्या, व्यायाम शिकवणाऱ्या. ज्यू असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला आणि त्या लंडनला आल्या. १९४० च्या दशकात स्ट्रोक झालेल्या एका चित्रकारावर उपचार करताना त्यांच्या लक्षात आलं, की हात-पाय कसे ठेवले, शरीर कसं वळवलं, यावर ताठरपणा कमी-जास्त होतो. त्या काळी लुळी बाजू गेली ती गेली असं धरून चांगल्या बाजूकडूनच काम करून घेण्याची रीत होती. बर्टाबाईंनी लुळ्या बाजूकडेच लक्ष दिलं. त्यांचे पती कारेल बोबाथ डॉक्टर होते. दोघांनी मिळून ही पद्धत जगभर नेली.

पुढच्या संशोधनात बोबाथ पद्धत इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं. पण लुळ्या बाजूला टाकून देऊ नका, तिला नीट ठेवा, हलवा, तिच्याकडून काम करून घ्या, हा विचार टिकला.

एक औषध, दुसऱ्याच कामासाठी निघालेलं

१९६२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले यांनी बॅक्लोफेन नावाचं औषध तयार केलं. ते हवं होतं फिट्ससाठी, म्हणजे मिरगीसाठी. त्या कामी ते फारसं उपयोगी पडलं नाही, पण ताठरलेले स्नायू त्यानं सैल होतात असं दिसलं. आजही ही गोळी दिली जाते. मात्र ती सगळ्या शरीरावर काम करते. झोप येते, अशक्तपणा येतो, चांगली बाजूही ढिली पडू शकते. आणि ही गोळी चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नये, त्यानं झटके येऊ शकतात. गोळी संपत आली की आधीच डॉक्टरांना विचारा, संपल्यावर नको.

आता अडचण अशी होती, की आखडलाय फक्त हात, आणि औषध जातंय सगळ्या अंगात. फक्त त्या हाताच्या स्नायूला ढिलं करणारं काही मिळेल का? ते मिळालं, पण कुणाच्या स्वप्नातही नव्हतं अशा ठिकाणी. एका विषात.

विषाची गोष्ट

दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीच्या वुर्टेंबर्ग भागात लोक सॉसेज खाऊन मरत होते. सॉसेज म्हणजे मांसाचा खिमा आतड्यात भरून धुरी देऊन टिकवलेला पदार्थ. तो खाल्ला की पापण्या मिटायच्या, गिळता यायचं नाही, हात-पाय गळायचे आणि शेवटी श्वास थांबायचा. तिथले सरकारी डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी हे रोगी मोजायला आणि लिहून ठेवायला सुरुवात केली. १८२० मध्ये त्यांनी ७६ रोग्यांची हकिकत छापली, १८२२ मध्ये १५५ जणांची. जनावरांवर प्रयोग केले, आणि चव घेऊन स्वतःवरही केले. त्यांनी ओळखलं, की हे विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतं. आणि पुढचं त्यांचं म्हणणं तर फारच नवलाचं. जिथे स्नायू बेताल उसळतात अशा आजारात हेच विष अगदी थोडं दिलं तर औषध होईल, असं त्यांनी लिहून ठेवलं. हे केर्नर कवी म्हणूनही प्रसिद्ध होते, पण ही कल्पना कवितेतली नव्हती, टिपून ठेवलेल्या नोंदींतून आलेली होती.

विष तयार कोण करतं, हे त्यांना उमगलं नाही. ते कळलं १८९५ मध्ये. बेल्जियममधल्या एलेझेल या गावी अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. बरेच जण आजारी पडले, तिघे दगावले. गेंट शहरातले प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून जंतू वेगळा काढला. हा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि विष तयार करतो. त्या विषाला बोट्युलिनम म्हणतात, लॅटिन भाषेतल्या सॉसेजच्या शब्दावरून.

आपल्यापैकी ज्या गटांचा लोणच्याचा धंदा आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. हा जंतू पुरेशा आंबट पदार्थात वाढत नाही. कैरी, लिंबू, व्हिनेगर यांचं प्रमाण मनानं कमी करायचं नाही, ते उगाच सांगितलेलं नसतं.

पुढची पन्नास वर्षं हे विष शुद्ध करण्यात गेली. त्यात युद्धाचाही हात होता. १९४६ मध्ये अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेत ते स्फटिकरूपात मिळालं. १९४९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं, की नसेच्या टोकातून जे रसायन सुटलं की स्नायू आखडतो, ते रसायन हे विष सुटूच देत नाही. केर्नर यांचा अंदाज खरा ठरला होता, फक्त मधे सव्वाशे वर्षं गेली होती.

डोळ्यापासून हातापर्यंत

सॅन फ्रान्सिस्को शहरात अ‍ॅलन स्कॉट नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. तिरळेपणात डोळ्याचा एक स्नायू जास्त ओढतो, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागते. सुरीऐवजी सुईनं तो स्नायू ढिला करता येईल का, हा त्यांचा ध्यास. शुद्ध विषाचा अगदी सूक्ष्म डोस त्यांनी आधी माकडांच्या डोळ्यांच्या स्नायूंत टोचला. १९७३ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. माणसांवरचे निष्कर्ष १९८० मध्ये आले. १९८९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानं तिरळेपणा आणि पापण्यांच्या आखडण्यासाठी ते मान्य केलं. शहरात सुरकुत्या घालवायला घेतात ते बोटॉक्स, ते हेच.

त्याच १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या दास आणि पार्क या दोन डॉक्टरांनी स्ट्रोकच्या काही रोग्यांच्या आखडलेल्या हातात हे औषध टोचून पाहिलं आणि निष्कर्ष छापले. स्नायू सैल झाले. फक्त टोचलेले, बाकी शरीर तसंच. जे हवं होतं ते सापडलं होतं.

पण थांबा. पाच-दहा जणांना गुण आला म्हणजे औषध खरं, असं असतं का? तसं असतं तर कबुतराचं रक्तही खरं ठरलं असतं, कारण त्यानं बरा झालेला एक माणूस प्रत्येक तालुक्यात कुणीतरी दाखवतंच. स्ट्रोकनंतर पहिले काही महिने कित्येकांमध्ये आपोआप थोडी सुधारणा होते. ती सुधारणा औषधाच्या नावावर जाऊ नये म्हणून काय करायचं?

मोजायचं कसं, आणि काय

त्यासाठी संशोधकांनी दोन कामं केली. एक, रोग्यांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करायचे. एकाला खरं औषध, दुसऱ्याला दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय दिलं हे रोग्याला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. दोन, सुधारणा अंकात मोजायची.

ताठरपणा मोजायचा तर पूर्वी १९६४ ची अ‍ॅशवर्थ यांची पट्टी वापरत. तपासणारा हात वाकवून बघतो आणि शून्यापासून चारपर्यंत अंक देतो. पण हात ढिला झाल्याचा अंक डॉक्टरांना मिळाला, त्यानं घरातल्या बाईचं काम हलकं झालं का?

२००२ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅलिसन ब्रॅशिअर या मेंदूतज्ज्ञ डॉक्टरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ रोग्यांचा अभ्यास छापला. त्यात स्नायूच्या अंकाबरोबर चार गोष्टी विचारल्या होत्या. हाताची स्वच्छता ठेवता येते का, कपडे घालता येतात का, हात कसा राहतो, आणि दुखतो किती. प्रत्येक रोग्यानं आधीच यातली एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची म्हणून निवडली. सहा आठवड्यांनी पाहिलं, तर खरं औषध मिळालेल्या ६४ पैकी ४० जणांना त्या गोष्टीत फरक पडला होता. औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्या ६२ पैकी १७ जणांनाही फरक वाटला होता.

या १७ जणांकडे जरा नीट बघा. नुसत्या पाण्यासारख्या इंजेक्शननंही चारातल्या एकाला बरं वाटतं. म्हणून "आमच्या शेजारणीच्या नवऱ्याला गुण आला" एवढ्यावर पैसे काढायचे नाहीत. आणि ४० कडेही बघा. फरक खरा आहे, औषध खरं आहे. २०१० मध्ये अमेरिकेत हातांच्या ताठरपणासाठी त्याला मान्यता मिळाली, २०१६ मध्ये पायांसाठी.

मग हात पुन्हा काम करायला लागतो का? हा प्रश्न ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासानं विचारला. त्यात ३३३ रोगी होते. सगळ्यांना व्यायाम मिळाला, निम्म्यांना सोबत इंजेक्शन. निष्कर्ष असा, की वस्तू धरणं, उचलणं यांत इंजेक्शननं म्हणावा असा जास्त फायदा झाला नाही. पण ताठरपणा कमी झाला, आणि तळहात धुणं, बाहीत हात घालणं अशी साधी कामं सोपी झाली. दुखणंही पुढे कमी झालेलं दिसलं.

म्हणजे इंजेक्शन मूठ सैल करतं, पण हाताला खुरपं धरायला शिकवत नाही. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो, मग गरज असेल तर पुन्हा द्यावं लागतं. त्या तीन महिन्यांत व्यायाम झाला तर त्याचा उपयोग. कुणी ते घ्यायला सांगितलं, तर दोन प्रश्न विचारा. नेमकं कोणतं काम सोपं व्हावं म्हणून द्यायचं? आणि नंतर व्यायाम कोण करून घेणार?

संशोधनानं नेहमीच्या उपायांनाही सोडलं नाही. मनगटाला पट्टी, म्हणजे स्प्लिंट, जगभर बांधत होते. ऑस्ट्रेलियाच्या नताशा लॅनिन यांनी २००७ मध्ये ६३ रोग्यांवर पाहिलं. चार आठवडे रात्रभर पट्टी बांधूनही मनगट आखडण्यात फरक पडला नाही. काम करत नसलेला उपाय कळणं हाही फायदाच, पैसा आणि झोप दोन्ही वाचते.

आपल्या देशातला प्रश्न

आता सगळ्यात जवळचा अभ्यास. भारतात व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कमी, घरात माणसं पुष्कळ. मग घरच्याच माणसाला शिकवून टाकलं तर? हा प्रश्न घेऊन देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० स्ट्रोक रोग्यांचा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये छापून आला. निम्म्यांच्या घरच्या माणसाला जास्तीचं शिक्षण दिलं, निम्म्यांना नेहमीची सेवा. सहा महिन्यांनी मोजलं, तर दोन्हीकडे शंभरातले ४७ जण एक तर दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. तसूभर फरक नाही.

हा अभ्यास फक्त ताठरपणाचा नव्हता, एकूण बरं होण्याचा होता. घरच्या सेवेला किंमत नाही असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. तळहात रोज धुतला नाही तर जखम होते, कूस बदलली नाही तर पाठीला घाव पडतात, हे खरंच आहे. पण घरातली बाई शिकवली की झालं, शिकलेल्या थेरपिस्टची गरज नाही, असं जर कुणी म्हणत असेल, तर त्याला हा अभ्यास उत्तर आहे. सासूचा हात सुटला नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनाही तो उत्तर आहे. ताई, तुझी सेवा कमी पडली म्हणून तो हात आखडलेला नाही.

गटानं काय करायचं

दोनशे वर्षांच्या या गोष्टीतून घरी न्यायच्या काही गोष्टी सांगतो.

मूठ सावकाश उघडा. लुळा हात धरून माणसाला ओढून उठवू नका, खांदा दुखावतो. हात उशीवर आधार देऊन ठेवा. ताठरपणा अचानक वाढला तर मालिश करणारा शोधण्याआधी कारण शोधा. लघवीचा जंतुसंसर्ग, पोट साफ नसणं, अंगावरचा घाव, रुतलेलं नख, यांपैकी काहीही दुखत असलं तरी स्नायू जास्त आखडतात. बोलता न येणाऱ्या माणसाची तीच तक्रार असते.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, की वेळ न घालवता १०८ ला फोन. गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

आणि गटाचं काम. उपचारासाठी कर्जाचा अर्ज आला की नाही म्हणू नका, पण विचारा. उपचार कशाचा, कोण देणार, किती दिवसांचा, कोणतं काम सोपं होणार? "शंभर टक्के गॅरंटी" असं उत्तर आलं तर तिथंच थांबा, कारण दोनशे वर्षांत या आजारावर खऱ्या संशोधकानं गॅरंटी दिलेली नाही. शिवाय ग्रामसभेत आणि तालुक्याला एक मागणी लावून धरा, की फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक दिवस तरी आपल्या जवळच्या दवाखान्यात बसावा. जिल्ह्याला रिक्षा करून लकव्याचा माणूस दर आठवड्याला नेणं कुणाला परवडत नाही.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला. गावात अशी किती घरं आहेत, त्यांची यादी करा. केर्नर यांनीही सुरुवात यादीनंच केली होती.